पासवर्ड चुकलाच नव्हता: ताई, तुमचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

"आभार कसले त्यात" असं म्हणून तुम्ही फोनवर विषय मिटवलात, पण मला तो तसा मिटवायचा नाही. तुम्ही जे केलंत ते चारचौघांना सांगण्यासारखं आहे. शिवाय कॉम्प्युटरवरचा ईमेल प्रोग्राम पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतोय म्हणून कुणी हैराण झालं असेल, तर हे वाचून त्याचाही त्रास वाचेल. म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे.

दुखणं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. ईमेल सेवेच्या सूचनेनुसार पासवर्ड बदलला होता. ब्राउझरमध्ये नव्या पासवर्डने खातं लगेच उघडायचं. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये मात्र पासवर्ड विचारणारी चौकट यायची. पासवर्ड टाकायचा, लक्षात ठेवण्याच्या पर्यायावर खूण करायची, ओके म्हणायचं, की क्षणभरात तीच चौकट परत हजर. मधूनच ती यायची थांबायची, मेल उतरायचे, वाटायचं मिटलं एकदाचं. आणि तासाभराने पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सल्ले भरपूर मिळाले. पासवर्ड आणखी एकदा बदला, अँटिव्हायरस बंद करून बघा, प्रोग्राम काढून परत टाका. सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला सल्ला होता, खातं प्रोग्राममधून काढा आणि नव्याने जोडा. मी तेच करायला बसले होते आणि तुमचा फोन आला. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "खातं पॉप आहे की आयमॅप?"

त्या एका प्रश्नासाठीसुद्धा मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर, म्हणजे ईमेल सेवेच्या कॉम्प्युटरवर असतात, प्रोग्राममध्ये त्यांची फक्त प्रत दिसते. खातं काढलं तरी पुन्हा जोडल्यावर सगळं परत उतरतं. पॉपचं तसं नाही. पॉपमध्ये मेल कॉम्प्युटरवर उतरतात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसलेही जातात. माझं खातं पॉप निघालं. कितीतरी वर्षांचा पत्रव्यवहार फक्त या कॉम्प्युटरच्या डिस्कवर होता, दुसरीकडे कुठेही नाही. थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये खातं काढताना मेलही पुसायचे का, असा एक पर्याय समोर येतो. वैतागलेला माणूस अशा वेळी काय निवडेल, सांगता येत नाही. तुम्ही आधी प्रोग्राम बंद करायला लावलात, माझ्या प्रोफाइलचं, म्हणजे मेल आणि सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात ते पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घेतलंत, आणि मगच पुढे सरकलात. दुरुस्तीआधी प्रत, हा तुमचा क्रम मी आता कुणालाही मोडू देत नाही.

मग स्क्रीन शेअर करायला लावून तुम्ही तिच्याकडे वळलात. "चौकटीत जे लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाचून दाखवा." मी वाचलं. बारीक अक्षरांत सर्व्हरचं नाव होतं, 'पॉप'ने सुरू होणारं. "आता स्वतःलाच एक मेल पाठवा." चौकट आली. तशीच, त्याच आकाराची, त्याच जागी. पण यावेळी नाव 'एसएमटीपी'ने सुरू होत होतं. म्हणजे एकच चौकट म्हणून जिच्याशी झगडा चालला होता त्या खरं तर दोन होत्या. एक येणाऱ्या मेलसाठी, एक जाणाऱ्या मेलसाठी. दोन्ही कामं वेगळे सर्व्हर करतात आणि प्रोग्राम दोघांचे पासवर्ड वेगवेगळे जपून ठेवतो, ही गोष्ट मला तोवर कुणीही सांगितली नव्हती.

थंडरबर्डमध्ये हे सगळं सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात, सेव्ह्ड पासवर्ड्सच्या यादीत दिसतं. विंडोजवर आउटलुक वापरणाऱ्यांनी कंट्रोल पॅनेलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडायचं, मॅकवर कीचेन बघायची. त्या यादीकडे जाण्याआधी तुम्ही काय केलंत ते मला मुद्दाम लिहायचं आहे. "आता स्क्रीन शेअरिंग बंद करा, त्या यादीत पासवर्ड दाखवायचं बटण असतं. चुकून दाबलं गेलं तर मला दिसायला नको," असं म्हणालात आणि पुढचं सगळं नुसतं तोंडी सांगत राहिलात. पूर्ण वेळात तुम्ही माझा पासवर्ड एकदाही विचारला नाहीत. मदत करणारा माणूस किती जाणकार आहे हे त्याच्या माहितीवरून कळतं. तो किती भरवशाचा आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

यादीत दोन नोंदी होत्या. येणाऱ्या मेलची नोंद नव्या पासवर्डची, जाणाऱ्या मेलची अजून जुन्याचीच. नोंदीसमोर ती शेवटची कधी बदलली ती तारीखही असते, त्यावरूनच फरक लक्षात आला. जुनी नोंद पुसली, प्रोग्राम बंद करून उघडला, मेल पाठवला, एसएमटीपीने पासवर्ड विचारला, टाकला. मेल गेला. अर्धं काम फत्ते.

उरलेलं अर्धं जास्त चिवट होतं, आणि तुमच्या विचार करण्याच्या पद्धतीची खरी ओळख मला तिथे झाली. मी सांगितलं की येणारे मेल कधी उतरतात, कधी पासवर्ड मागतात. त्यावर तुम्ही म्हणालात, "मधूनच चालतं म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. चुकीचा पासवर्ड मधूनच चालत नाही, तो कधीच चालत नाही." किती साधं वाक्य! पण त्याने सगळी दिशाच बदलली. तोवर सगळ्यांचा रोख पासवर्डवर होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललं होतं.

तुम्ही समजावलंत ते माझ्या शब्दांत लिहिते. प्रोग्राम नाव आणि पासवर्ड सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणण्याची कारणं अनेक असू शकतात. खातं थोड्या वेळासाठी अडवलेलं असेल, एकाच वेळी फार उपकरणं जोडलेली असतील, पासवर्डने आत येण्याची पद्धतच बंद केलेली असेल. पण पुष्कळ वेळा प्रोग्रामला एवढंच कळतं की प्रवेश मिळाला नाही, आणि तो आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवतो, पासवर्ड काय? आपण तो बरोबर टाकतो, सर्व्हर आधीच्याच कारणासाठी पुन्हा नाही म्हणतो, आणि हे चक्र फिरत राहतं. जीमेलला आयमॅपने एका वेळी जास्तीत जास्त १५ जोडण्या चालतात; थंडरबर्ड एका खात्यासाठी एकटाच ५पर्यंत उघडतो. घरात चार-पाच उपकरणांवर एकच खातं असेल तर मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही.

"हे खातं आणखी कुठे कुठे जोडलेलं आहे?" तुमचा पुढचा प्रश्न. फोन, त्यावर नवा पासवर्ड होता. आणि एक जुना टॅबलेट, जो फक्त वाचनासाठी वापरात होता. त्यावरचं मेल ॲप मागच्या मागे दर थोड्या वेळाने जुन्या पासवर्डने सर्व्हरचं दार ठोठावत होतं. इतक्या फसलेल्या प्रयत्नांमुळे सर्व्हरला संशय येई आणि आमच्या घरच्या इंटरनेट जोडणीवरून येणाऱ्या सगळ्यांनाच तो काही काळ अडवून ठेवी, बरोबर पासवर्ड आणणाऱ्या कॉम्प्युटरलासुद्धा. तेवढा वेळ उलटला की सुरळीत, मग टॅबलेट पुन्हा ठोठावू लागला की पुन्हा बंद. टॅबलेटवरून खातं काढलं, तुमच्या सांगण्यावरून तासभर कशालाही हात लावला नाही. त्यानंतर ती चौकट आलेली नाही.

एका वेळी एकच बदल, हा तुमचा आग्रह मला तेव्हा जाचक वाटत होता. आज पटतं. दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या तर कशाने काय सुटलं हे कधीच कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणं आलं असतं.

ताई, तुमची ही शिदोरी लगेच दुसऱ्याच्याही उपयोगी पडली. एका परिचितांच्या आउटलुकचं असंच चाललं होतं. मी तुमचेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. ब्राउझरमध्ये खातं उघडतं का? उघडतं. चौकटीत नाव कुणाचं? मधूनच चालतं का? तर नाही, एका दिवसापासून ठप्प, एकदाही नाही. म्हणजे इथे जातकुळी वेगळी. मग तुम्ही सांगितलेली ती पद्धत बंद होण्याची गोष्ट आठवली. नुसतं नाव आणि पासवर्ड पाठवून आत येण्याची जुनी रीत मोठ्या सेवांनी टप्प्याटप्प्याने बंद केली आहे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती ३० मे २०२२पासून थांबवायला घेतली. मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या एक्स्चेंज ऑनलाइन खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२पासून ती बंद करत नेली, आणि आउटलुक डॉट कॉम या आपल्या ईमेल सेवेच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ला. आता प्रोग्रामने ओऑथ नावाच्या पद्धतीने यायचं असतं. म्हणजे सेवेचंच लॉगिनचं पान उघडतं, पासवर्ड आपण तिथे देतो, आणि प्रोग्रामच्या हाती पासवर्ड न देता फक्त एक परवाना दिला जातो. आउटलुक २०१०ला ही पद्धत येतच नाही. परिचितांकडे नेमकं तेच होतं. जन्मभर पासवर्ड टाकत बसले असते तरी उपयोग नव्हता. प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली आणि प्रश्न संपला.

थंडरबर्डमध्ये याच ठिकाणी अडकणाऱ्यांसाठी तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी इथे नोंदवून ठेवते. खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन मेथड, म्हणजे ओळख पटवण्याची पद्धत, ओऑथ२ असायला हवी, आणि ती येणाऱ्या व जाणाऱ्या, दोन्ही सर्व्हरसाठी बदलावी लागते. शिवाय प्रोग्राममध्ये कुकीज, म्हणजे वेबपानं आपल्याकडे ठेवतात त्या छोट्या नोंदी, स्वीकारणं सुरू असायला हवं, नाहीतर लॉगिनचं पान उघडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. प्रोग्रामला ओऑथ जमतच नसेल आणि खातं गूगलचं असेल, तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एका पायरीने ओळख पटवणं, सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घेता येतो. तो प्रोग्राममध्ये टाकायचा, नेहमीचा नाही.

आणि एक. सारखी सारखी चौकट येऊ लागली की हात यांत्रिकपणे पासवर्ड टाइप करू लागतो, समोर काय आहे ते न बघता. हीच सवय फसवणाऱ्यांना हवी असते, असं तुम्ही फार कळकळीने म्हणाला होतात. मेल तपासण्यात माझा बराच दिवस जातो, त्यामुळे ते मनाला लागलं. हल्ली पासवर्ड मागणारं काहीही समोर आलं की आधी नाव वाचते, मग कळफलकाला हात.

तुमच्याकडे स्वतःच्या कामाचा ढीग असताना तुम्ही एवढा वेळ दिलात, एकदाही आवाज चढवला नाहीत, आणि प्रत्येक पाऊल का टाकायचं ते सांगून मगच टाकायला लावलंत. मनापासून आभार. प्रोफाइलची प्रत आता दर महिन्याला घेते आहे. पॉपवरून आयमॅपवर कसं जायचं, हे तुम्ही पुढच्या वेळी सांगणार होतात. तुमच्या सवडीचा दिवस कळवा, जुने मेल आधी नीट लावून ठेवते.

तुमची कृतज्ञ,
धाकटी मैत्रीण