सही करण्याआधी

पर्वरी,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आज जेवताना मी माझ्या कोकमाच्या धंद्यासाठी घ्यायच्या कर्जाचा विषय काढला आणि बाबा ताटात अर्धा भात ठेवून सोप्यावर जाऊन बसले. आई, तू नंतर भांडी आवरताना एवढंच म्हणालीस, "त्यांना ते दिवस आठवतात." ठाऊक आहे मला. म्हणूनच लिहिते आहे. बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि बाबा गप्प होतात.

ते दिवस मीही विसरलेले नाही. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा खाणीचा माल वाहणारे आपले दोन ट्रक अंगणात उभे होते आणि दोघांचेही हप्ते चालू होते. पुढच्या पावसात टायरांच्या भोवती गवत वाढलं. मधे थोडं सुरू झालं म्हणून तुम्ही एका ट्रकची दुरुस्ती करून घेतलीत, आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा सगळं थांबलं. तेव्हापासून आपल्या घरात कुणी 'धंदा' म्हटलं की सगळ्यांना 'हप्ता' ऐकू येतं. बाबा अजून माझ्यासाठी एलडीसीच्या, सरकारी कारकुनाच्या नोकरीच्या, जाहिराती कापून ठेवतात. त्यामागची काळजी मला कळते.

पण बाबा, तुम्हांला एक गोष्ट कधी सांगितली नाही. धंदा करण्यात तुम्ही कुठे कमी पडला नव्हतात. ट्रिपांची वही चोख होती, घरात ओढाताण असतानाही ड्रायव्हरचा पगार थकला नाही. फक्त माल एकच होता आणि पैसे देणारी जागाही एकच. ती बंद झाली तशी पुढची सगळी साखळीच बंद झाली. मी कोकमाचं आगळ आणि सोलं विकायला घेतली तेव्हा पहिला नियम त्यातूनच केला: कुठलंही एक गिऱ्हाईक माझ्या विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठं होऊ द्यायचं नाही. गेल्या वर्षी एकाने सगळाच्या सगळा माल मागितला होता. आई, तुला तेव्हा वाटलं मी घरी आलेली लक्ष्मी परतवली. मला मात्र अंगणातले ट्रक दिसत होते.

तुम्ही विचारता, महिन्याला सुटतं किती? पहिल्या वर्षी काही सुटलं नाही. दुसऱ्या वर्षी जे सुटलं ते मालातच पुन्हा घातलं. यंदा पहिल्यांदा स्वतःला महिना 8 हजार पगार लावला आहे. पूर्वीच्या नोकरीतल्या पगाराशी त्याची तुलना करू नका, अजून दोन वर्षं तरी.

सगळ्यात अवघड आहे ते पैशाचं येणं-जाणं. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये येतात आणि पाऊस लागला की संपतात. त्या पाच-सहा आठवड्यांत वर्षभराचा माल घ्यावा लागतो, तोही रोखीने. सत्तरी तालुक्यातल्या बायका झाडाखालून वेचून टोपल्या भरून आणतात, त्यांना 'पुढच्या महिन्यात देते' म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. गेल्या मोसमात 1 लाख 40 हजार असे गेले. बाटल्या, झाकणं, लेबलं वेगळी. ते पैसे वसूल होईपर्यंत चवथ सरून दिवाळी आली. हिशेबात नफा दिसत होता आणि बँकेत 3 हजार रुपये होते. आपल्याकडे पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, भरताना घर जसं पैशाने एकदम रिकामं होतं, तसंच. तू ते सगळं आयुष्य निभावलंस, आई, त्यामुळे हे तुला कुणापेक्षाही लवकर कळेल.

उधारीचंही सांगते, म्हणजे बाहेरून कळायला नको. एका हॉटेलाने बिल 97 व्या दिवशी चुकतं केलं. 2006 च्या कायद्याप्रमाणे माझ्यासारख्या छोट्या उत्पादकाला लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसला तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. मी तक्रार केली नाही. दर सोमवारी स्वतः जाऊन उभी राहिले. आता नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी घेते आणि मुदत कागदावर लिहून घेते. त्या तीन महिन्यांत रात्री झोप लागत नव्हती, हे तेव्हा तुमच्यापासून लपवलं. यापुढे लपवणार नाही.

आता कर्जाचं. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये वळवाचा पाऊस आठवडाभर अडकला आणि उन्हात घातलेल्या सोलांना बुरशी आली. दोनशे किलो माल फेकला. शेडमध्ये वाळवणी यंत्र असतं तर वाचला असता. त्यासाठीच हे कर्ज आहे. यंत्र, फिटिंग, पॅकिंगचं सामान मिळून 6 लाख. त्यातले 60 हजार माझे. केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, म्हणजे 2 लाख 10 हजार. पण ते हातात येत नाही. बँकेतच बाजूला राहतं आणि हप्ते नीट गेले, काम चालू राहिलं, तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. म्हणून मी ते आजच मिळाले असं धरून चाललेले नाही. अनुदान आलंच नाही तरी हप्ता निघेल का, हे आधी मांडून पाहिलं. गेल्या वर्षीइतकीच विक्री राहिली तरी निघतो.

घराला हात लावलेला नाही. तुमच्या जावयांचा पगार घरखर्चाचा, तो धंद्यात जात नाही. सहा महिने पुरेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात आहे. तुमची जमीन, आईचे दागिने, कशाचाही कागद कुठे दिलेला नाही आणि देणारही नाही.

मला तुमच्याकडून पैसे नकोत. आई, एप्रिलमध्ये चार दिवस शेडवर ये. मिठाचं प्रमाण मी वजनावर बसवलं आहे, तरी सोल पुरं मुरलं की नाही हे तू बोटांनी चेपून सांगतेस ते मुलींना शिकव. आणि बाबा, गिऱ्हाईकवार उधारीची वही मला तुमच्या ट्रिपांच्या वहीसारखी ठेवायची आहे. मी कॉम्प्युटरवर ठेवते, पण कोण किती दिवस थकलाय ते त्यात तुमच्यासारखं एका नजरेत दिसत नाही.

पुढच्या रविवारी नऊपर्यंत पोचते. बँकेचे सगळे कागद बरोबर आणते. सही सोमवारी करायची आहे आणि मी ती करणार आहे. त्याआधी बाबांनी एकेक पान वाचावं आणि जिथे खटकेल तिथे पेन्सिलने खूण करावी.

तुमची,
बाय