महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र: मारणाऱ्याशी कोण बोलणार?

मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं, म्हणून इथूनच लिहिते. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हेल्पलाइन आहे. अपुरं असेल, पण आहे. मारणाऱ्यासाठी मात्र फक्त तंबी आहे.

समुपदेशनाच्या खोलीत मी बसते. नवरा म्हणतो, ‘दोस्त हसतात, बायको तुह्यावर भारी हाय म्हणतात.’ त्याची आई म्हणते, ‘मर्द माणूस हाय, राग तं येनच.’ शेजारी सून बसलेली असते, बांगडी फुटून मनगटाला झालेली जखम पदराखाली झाकून. मग सह्या होतात, समेट झाला असं लिहिलं जातं आणि ती त्याच घरी परत जाते. राग आवरला नाही, असं हे पुरुष सांगतात. पण मालकासमोर, ठाणेदारासमोर तोच राग आवरता येतो. मला हे रागाचं प्रकरण वाटतच नाही. घरात आपलंच चाललं पाहिजे, नाहीतर आपण पुरुष कसले, ही ती भीती आहे.

आणि ती एकट्या पुरुषाची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४४ टक्के पुरुषांनी आणि ४५ टक्के बायकांनी कोणत्या ना कोणत्या कारणासाठी नवऱ्याचं मारणं योग्य ठरवलं. देश बदलला की कारणं बदलतात. पण आईला मार खाताना पाहिलेला मुलगा पुढे स्वतः हात उचलण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे.

आपला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००६ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी ब्राझीलने मारिया दा पेन्हा कायदा केला आणि दोषी पुरुषाला सुधार कार्यक्रमात सक्तीने बसवण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला. आपल्याही कायद्याच्या कलम १४ खाली न्यायदंडाधिकारी एकट्या नवऱ्याला समुपदेशनाला पाठवू शकतात. पाठवायचं कुठे? मुंबईत ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून पुरुषांमध्ये काम करते आहे, म्हणजे अनुभव राज्यातच आहे. १९४२ मध्ये याच नागपुरात बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं, नवऱ्याची मैत्रीण व्हा, गुलाम होऊ नका. नवऱ्यांना ते अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

नागपूर जिल्ह्यात अशा पुरुषांसाठी काही महिन्यांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू करा. त्यात समेटाचा आग्रह नको आणि शिक्षेतून सूटही नको. हजेरीचा अहवाल न्यायालयात जावा आणि त्या काळात बाई सुरक्षित आहे का, हे संरक्षण अधिकाऱ्यांनी तिला वेगळं भेटून विचारावं. पैसा बाईच्या योजनांतून कापू नका. याच अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत वेगळी तरतूद करा.

आपली,
नागपूरची एक समुपदेशक