फॉरमॅट मारायच्या आधी पोर्ट तरी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. मी तालुक्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, आणि मागच्या आठवड्यात जे झालं ते मनातून जाईना म्हणून लिहितोय. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीच्या लॅपटॉपवर झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) चालू होत नव्हतं, त्यातला अपाचे नावाचा वेब सर्व्हर स्टार्ट केलं की दोन सेकंद हिरवं आणि लगेच बंद. घाबरून तिनं लॅपटॉप गावातल्या दुकानात नेला, त्यानं पाचशे रुपये घेतले आणि विंडोज फॉरमॅट मारून दिलं. अपाचे चालू झालं, पण तिचा अख्खा प्रोजेक्ट, डेटाबेससकट गेला. वडील डेअरीला दूध घालतात, त्या घरात पाचशे रुपये म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

खरं तर बिघाड काहीच नव्हता हो. एसटी स्टँडवर एका फलाटाला एक गाडी लागली की दुसरी तिथं लागत नाही, तसंच आहे हे. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरमधला असाच नंबर दिलेला फलाट, नेटवर्कचं काम करणारा प्रोग्रॅम त्यावर बसतो. वेब सर्व्हर ८० नंबरच्या पोर्टवर बसतो, https म्हणजे सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३ वर, आणि तिथं आधीच दुसरं कुणी बसलेलं असेल तर अपाचे उठून जातं. झॅम्पच्या लाल मेसेजमध्ये पहिलं कारण पोर्ट अडकल्याचंच लिहिलेलं असतं, पण इंग्रजी आणि लाल बघितलं की पोरं वाचतच नाहीत, आणि दोष पोरांचा नाही, आम्ही कधी बसून वाचायला शिकवलंच नाही.

कोण बसलंय ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट लिहून पुढं स्पेस देऊन डॅश ए एन ओ टाकायचं (netstat -ano), ८० ची ओळ शोधायची, शेवटचा आकडा म्हणजे प्रोसेसचा नंबर, तो टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जुळवायचा. तिथं ४ नंबर, नाव सिस्टीम असं आलं की पोरांना व्हायरस वाटतो. तो व्हायरस नाही, बहुतेक वेळा विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर आयआयएस चालू असतो, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस स्टॉप करायची. तेही नको असेल तर अपाचेच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिसन ८० च्या जागी लिसन ८०८० करा, सेव्ह करून परत स्टार्ट करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच कॉम्प्युटर) लिहून त्यापुढं कोलन देऊन ८०८० लिहा. (४४३ अडकलं असेल तर तो आकडा एसएसएलच्या, म्हणजे https च्या सेटिंगच्या, वेगळ्या फाइलमध्ये असतो, हे विसरतात सगळे.)

झॅम्पमध्ये डेटाबेस सांभाळतं ते मायएसक्यूएल, त्याचं ३३०६ नंबरचं पोर्ट पण असंच अडकतं, आधी कधीतरी टाकलेलं दुसरं मायएसक्यूएल मागं चालू असतं. अशा वेळी कुणी सांगतं डेटा फोल्डर उडवा, कृपा करून उडवू नका, तुमची सगळी टेबलं त्यातच असतात!

माझी विनंती कॉलेजांना आणि परीक्षकांना आहे. प्रॅक्टिकलच्या यादीत एक तास यासाठी ठेवा, मुद्दाम पोर्ट अडकवून मुलांना सोडवायला द्या. आणि मागं एका परीक्षकांनी ८०८० बघून मार्क कापले होते, ते तरी करू नका, त्या मुलानं अडचण ओळखून वाट काढली होती, त्याला उलट जास्त मार्क द्यायला हवे होते. दुकानदार बंधूंनाही हेच सांगणं, फॉरमॅटच्या आधी दोन मिनिटं नेटस्टॅट बघा आणि पोरांना डेटाचं विचारा.

त्या मुलीचं सबमिशन सोमवारी आहे, दोन दिवस झाले ती लॅबमध्ये बसून टेबलं पहिल्यापासून परत टाइप करतेय.

आपला,
एक लॅब असिस्टंट, जि. सांगली