टीवायवाल्या ताईला जाहीर थँक्यू

ताई, व्हॉट्सॲपवर नुसता हात जोडलेला इमोजी टाकून भागणार नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, ओरडू नकोस.

व्हायवा मस्त झाली गं! यीस्टच्या जीनोममधले उड्या मारणारे तुकडे, म्हणजे टीवाय एलिमेंट्स, पेशीच्या फिटनेसचं, म्हणजे वाढून टिकायच्या ताकदीचं, काय करतात हा माझा विषय, आणि रबाळ्याला दमून लोकलमध्ये चढणारी तू ठाणं येईपर्यंत माझं ऐकून घ्यायचीस. एकदा मी कौतुकाने सांगत होते की टीवाय-1, म्हणजे त्यातलाच एक प्रकार, किती शहाणा, दुसऱ्याच्या दारात गाडी न लावता नाक्यावरची रिकामी जागा बघणाऱ्यासारखा, बहुतेक टी-आरएनए जीनच्या (प्रोटीन बनवताना अमिनो ॲसिड आणून देणाऱ्या रेणूचा जीन) अलीकडेच जाऊन बसतो, तर तू म्हणालीस, ते खरंय, पण जी कॉपी नको तिथे बसली आणि पेशीच मेली ती तुला 1996 च्या त्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे यीस्टचा अख्खा जीनोम वाचला त्यात, दिसणार कशी? तिथे उरलेल्याच दिसणार ना!

माझं अख्खं डिझाईन त्या एका प्रश्नावर फिरलं. जुन्या कॉप्या मोजण्यापेक्षा नव्या उड्या घडवायच्या, गॅलॅक्टोज या साखरेने चालू होणारा स्विच जोडून टीवाय-1 चालू करायचा आणि फ्लास्क 30 ऐवजी 22 डिग्रीला ठेवायचा कारण गरम झालं की तो उड्या कमी मारतो, मग प्रत्येक क्लोन (नवी उडी बसलेल्या एका पेशीची पिल्लावळ) मूळ स्ट्रेनसोबत एकाच फ्लास्कमध्ये वाढवायचा.

दोघांना वेगवेगळं वाढवून काढलेल्या ग्रोथ कर्व्हमध्ये वाढीच्या वेगातला 1 टक्क्याचा फरक कळतच नाही, पण दोघांना एकत्र झुंजवलं की साधारण 70 पिढ्यांत त्यांचं प्रमाण दुप्पट बदलतं, आणि रोज 1 ला 100 डायल्यूट केलं तर दिवसाला साडेसहा पिढ्या होतात, हे गणित तू ठाणे स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून माझ्या वहीत मांडलंस, लोक धक्के मारत होते तरी.

एक्स्टर्नलनी विचारलं, मग टीवाय म्हणजे नुसता त्रासच का? तुझंच उत्तर दिलं, की उडी बहुतेकदा फुकट किंवा महाग पडते, पण सारख्या कॉप्या ठिकठिकाणी असल्या की त्यांच्यात रिकॉम्बिनेशन (सारख्या डीएनएची जोडतोड) होऊन क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात, आणि कमी ग्लुकोजमध्ये वाढवलेल्या यीस्टमध्ये असे बदल खरंच सापडलेत. सर खूश.

तर रविवारी मामलेदारला ये, मिसळ माझ्याकडून, तिखट तू खा मी मध्यम घेईन. आणि तुझ्या एम.एस्सी.च्या नोट्स आण प्लीज, ज्युनियरला झेरॉक्स हवीये.