खालच्या तुकड्यात तळं

इंदूर, १८ मार्च

ती. बाबा व आईस,
सा. न.

खालच्या तुकड्यात तळं खणायचं ठरवलं आहे. तुम्ही दादाकडे जाताना करून दिलेल्या मुखत्यारपत्रावर अर्ज केला होता, परवा मंजुरीही आली. फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि रात्रभर कूस बदलत राहिला असता. म्हणून पत्र. आई, दुपारची गोळी झाल्यावरच त्यांना वाचून दाखव.

पिकती जमीन खड्ड्यात घालायची नाही, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पण बाबा, तो तुकडा पिकतो कुठे? भाद्रपदात तिथे पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं आणि मुळापासून सडतं. तेच पाणी नाल्याने निघून जातं आणि माघात गव्हाच्या शेवटच्या पाण्यासाठी आपण ट्यूबवेलच्या तोंडाकडे बघत बसतो. यंदाही मोटर थोडा वेळ चालली की हवा ओढायची. आपला देपालपूर ब्लॉक भूजल उपशाच्या बाबतीत कधीच हद्दीबाहेर गेला आहे. दादा म्हणतो तसा आणखी एक बोअर मारला तर शेजारच्या पटेलकाकांचं पाणी तोडल्यासारखं होईल, आणि दोन वर्षांनी आपलंही तेच.

देवासचं तर तुम्हीच मला सांगितलं होतंत. १९९० साली तिथे प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, आणि २००६ नंतर त्याच जिल्ह्यात मोठमोठ्या शेतकऱ्यांनी शेताचा दहावा हिस्सा तळ्याला दिला. आपण सात बिघ्यांतला अर्धा बिघाही पुरता देत नाही आहोत.

आता पैशांचं, कारण आई, तुला तीच काळजी असणार. शेततळ्यांसाठीची सरकारची बलराम तालाब योजना २००७ साली सुरू झाली. आपण लहान शेतकऱ्यांत मोडतो, त्यामुळे खर्चाच्या निम्मे, पण जास्तीत जास्त ८०,००० रुपये मिळतात. आपले स्प्रिंकलर चालू आहेत म्हणून अर्ज बसला. लसणाच्या वाफ्यांना ठिबक घालणार आहे, त्यावर लहान शेतकऱ्याला ५५ टक्के अनुदान आहे, मोठ्यांना ४५. तळ्याचे पैसे खोदाई झाल्यावर, मोजमाप आणि फोटो झाल्यावर थेट बँकेत येतात. म्हणजे आधी खिशातून घालायचे. ते मी माझ्या एफडीतून घालते आहे. बाबांच्या पेन्शनला आणि तुझ्या पाटल्यांना कुणी हात लावणार नाही. आणि बाबा, हे कुणापुढे हात पसरणं नव्हे. त्यातलं थोडं पाणी जमिनीत मुरलं तरी पटेलकाकांच्या विहिरीला लागेल, म्हणून तर सरकार वाटा उचलतं.

मातीही तपासून घेतली. पाच-सहा जागी वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा घेतला, त्याच्या कडेची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत कापली. सगळी माती गोणपाटावर कालवून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा कालवली, पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती घेतली नाही, तुम्ही सांगायचात तसंच. मृदा आरोग्य कार्डावर बारा गोष्टी येतात. बाकी ठीक आहे, पण जस्त कमी आणि सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. निदान ०.५ तरी हवा. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, बाबा. इतकी काळीभोर जमीन, आणि आतून उपाशी.

म्हणून यंदा नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेलं गव्हाचं काड, जाळू दिली नाही. बटईदार थोडा कुरकुरला, पण ऐकलं त्याने. त्याचं खत करते आहे: काड, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि चुलीची राख, थरावर थर, आणि तीन महिन्यांत तीनदा पालटायचं. ओळखलंत ना? अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ ते १९३१ या काळात तुमच्याच शेतकी कॉलेजच्या जमिनीवर बसवलेली कंपोस्ट खताची इंदूर पद्धत. जगभर आपल्या गावाच्या नावाने ती शिकवतात आणि आपल्याच शेतात आपण काडी लावत होतो.

खळ्याला धक्का लागणार नाही, हे मी पोकलेनवाल्याला जागेवर उभं करून दाखवलं आहे. जांभळालाही नाही. त्या जांभळाखाली आई हरभऱ्याचे होळे भाजायची आणि सोलून माझ्या ओंजळीत घालायची, माझी बोटं भाजतील म्हणून. पावसात चिखलात माझ्या चपला रुतल्या की बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि चपला हातात धरून बांधापर्यंत चालायचे. जमिनी घेऊन कॉलनी बांधणारे दर महिन्याला भाव वाढवून विचारायला येतात. दादाचंही चुकत नाही, त्याला तुमच्या औषधपाण्याची चिंता आहे. पण जमिनीला पाणी राहिलं तर विकायचा विषयच निघणार नाही, माझा सगळा जीव त्यासाठी चालला आहे.

रामबागेतलं घर नीट आहे. नळ एक दिवसाआड येतो तेव्हा टाकी भरून घेते, तुळशीला पाणी आहे, बाबांच्या खुर्चीची वेतपट्टी नवी विणून घेतली. जिरावण मसाला कुरियरने पाठवला आहे. पोह्यांवर चिमूटभरच, आई, त्यात मीठ असतं. शेव मागितली तर देऊ नकोस. बाबा, संध्याकाळचं चालणं सोसायटीच्या आतच, आणि काठी घेऊनच. अँजिओप्लास्टीनंतरची तपासणी पुढे ढकलायची नाही, तारीख मी दादाला पाठवली आहे. जिन्याने जायचं नाही. लिफ्ट बंद असेल तर घरी बसायचं.

अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू होईल. वर काळी चिकण माती आहे तोवर पाणी धरेल. खाली मुरूम लागला की तिथे थांबून तळाला पुन्हा काळी माती दाबून घेणार आहे. फक्त सांडवा कुठल्या अंगाला ठेवायचा ते मला ठरवता येत नाही. सर्व्हेअर नाल्याची बाजू म्हणतो, पटेलकाका बाभळीची. मोठ्या पावसात तिथलं पाणी कुठून फुटतं ते तुम्ही इतकी वर्षं पाहिलं आहे. नकाशा सोबत ठेवला आहे, त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. या रविवारपर्यंत हवं.

तुमची,
धाकटी