मोर्चाआधी हरकत नोंदवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पुण्यात वेताळ टेकडी असो, मुळा-मुठेचा काठ असो की गणेशखिंड रस्ता, झाडांसाठीच्या आंदोलनांत आता महाविद्यालयीन मुले-मुली हिरिरीने उतरतात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद होऊनही विद्यार्थी निवडणुका कागदावरच राहिल्या. अशा काळात विद्यार्थी संघटनांनी फी आणि निकालांपलीकडचा प्रश्न हाती घ्यावा, हे चांगलेच आहे. अडचण इतकीच की मोर्चा बहुधा करवत चालू झाल्यावर निघतो आणि तोवर वृक्षतोडीच्या प्रस्तावावर हरकत घेण्याची मुदत उलटून गेलेली असते.

ही मुदत अवघी सात दिवसांची असते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि झाडावर नोटीस लावायची असते. नोटिशीचा कागद दोन पावसांत गळून पडतो. त्यामुळे तो दिसताक्षणी तारीख वाचता येईल असा एक फोटो आणि आजूबाजूची खूण दाखवणारा दुसरा, असे दोन फोटो घ्यावेत. हरकत लेखी द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. शंभर सह्यांचे एकच निवेदन देण्याची आपल्याकडे भारी हौस. त्यापेक्षा झाडांचे क्रमांक घालून दिलेल्या दहा स्वतंत्र हरकती बऱ्या.

हरकतीत ‘झाडे हा आपला श्वास आहे’ असे लिहून काही साधत नाही. मापे द्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर शिंप्याच्या टेपने खोडाचा घेर घ्यावा. टेकडीच्या उतारावर मोजमाप वरच्या बाजूने धरावे. फाटा त्याखाली फुटला असेल, तर प्रत्येक खोड वेगळे मोजावे. मग जात आणि घेर प्रस्तावाच्या यादीशी ताडून पाहावेत. नदीकाठच्या वाळुंजाची किंवा करंजाची नोंद चुकीच्या जातीखाली झाली असेल, तर तोच हरकतीचा मुद्दा. वयाचा रकाना तर सर्वांत महत्त्वाचा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांचा वड यादीत पस्तिशीचा झाला, की संरक्षणही गेले आणि पंचवीस रोपेही गेली. पाच वर्षांवरची दोनशे किंवा त्याहून अधिक झाडे जाणार असतील, तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूदही त्या दुरुस्तीत होती. म्हणून झाडांचा आकडा कमी दिसावा यासाठी एकच काम तुकड्यातुकड्यांनी मांडले आहे का, हेही तपासावे.

‘पुनर्रोपण करू’ या आश्वासनावर आंदोलने थंडावतात. तिथे हिशेब मागावा. मुळांसकट उचलायचा मातीचा गड्डा खोडाच्या व्यासाच्या साधारण दहापट लागतो. एक फूट व्यासाच्या झाडाला दहा फूट रुंद, तीनेक फूट खोल, म्हणजे वजन दहा टनांच्या घरात. टेकडीवर मुरूम आणि काळा खडक. मुळे भेगांत शिरलेली. तिथे गड्डा धरतच नाही, सुटून येतो आणि पाणी शोषणारी बारीक मुळे मागेच राहतात. झाड महिनाभर हिरवे दिसते ते खोडातल्या साठ्यावर. वड-पिंपळ त्यातूनही तग धरतात, बाकीच्यांची खात्री देता येत नाही.

दाद कुठे मागायची, यातही गफलत होते. राष्ट्रीय हरित लवादाचे (एनजीटी) पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण ज्या कायद्यांचे वाद एनजीटीपुढे चालतात, त्यांच्या अनुसूचीत राज्याचा वृक्ष कायदा नाही. केवळ वृक्षतोडीच्या परवानगीविरुद्ध उच्च न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो. नदीतले सांडपाणी, वनजमीन, प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी हे विषय एनजीटीचे. आणि तिथेही वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचे तर तीसच दिवस.

संघटनांच्या शाखांनी दोन-दोन जणांना रोज जाहीर सूचनांचे पान वाचायचे काम द्यावे. परीक्षेच्या दिवसांत जबाबदारी कोणाकडे, तेही आधीच ठरवावे. आणि ज्यांना मागच्या तोडीचा पाठपुरावा करायचा आहे, त्यांनी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून भरपाईच्या रोपांची ठिकाणे मागवावीत. लावताना रोप किमान सहा ते आठ फूट उंच हवे आणि त्याची निगा सात वर्षे राखायची आहे. यादी हातात आली, की टेप घेऊन तिथे जाता येईल.

– एक वाचक, एरंडवणे, पुणे