मिस्त्री काका, ती कौलं मी खोडली

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीय, पण तुमची नात वाचते. तिनं हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मध्येच तुम्ही 'आगं असं न्हवतं ते' म्हणालात तरी थांबू नये.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. माझा आर्किटेक्चरचा थिसिस वाड्यात भरलेल्या शाळांवर होता, आणि सातारची पोरगी म्हटल्यावर राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल सोडून दुसरं काय घेणार. ७ नोव्हेंबर १९०० ला 'भिवा' म्हणून डॉ. आंबेडकरांचं नाव ज्या शाळेच्या रजिस्टरला १९१४ नंबरवर लागलं ती ही शाळा, एवढं आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. पण ती जिथं भरायची ती इमारत मुळात शाळा म्हणून बांधलेलीच नाही, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. वाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. महाराजांना इंग्रजांनी १८३९ ला गादीवरून काढून काशीला पाठवलं, मग भाऊ अप्पासाहेब आले, तेही १८४८ ला वारले आणि दत्तक नामंजूर करून सरळ राज्यच खालसा. शाळा सुरू झाली १८५१ ला. म्हणजे राजे राहिले नाहीत आणि राजवाड्यात पोरं पाढे म्हणायला लागली.

तर हे सगळं तारखांसकट माझ्या वहीत होतं, आणि मला वाटत होतं की झालं, मला इमारत कळली. एका ऑफिसात परवानगीसाठी चार चकरा मारून (साहेब एकदा मीटिंगला, एकदा जेवायला, दोनदा नुसतेच नाहीत) वैतागून गोलबागेजवळ चहा पीत होते, तेव्हा तुम्ही माझी टेप आणि कागदांची गुंडाळी बघून विचारलंत, ''कुणाचं घर मोजतीस गं?'' मी थिसिसचं पुराण सुरू केलं. तुम्ही चहा संपवला आणि म्हणालात, उद्या मंगळवार पेठेत ये, एक वाडा उतरवतोय, उभ्या वाड्यात काय दिसत नाय, पडलेल्यात दिसतं.

खरंच दिसलं. अंगणात सागवानी खांब आडवा पडलेला, वरच्या टोकाला कुसू (तासलेली खुंटी) काढलेलं, बाजूला ते ज्या भोकात बसायचं ती तुळई. तुम्ही मला त्या भोकात हात घालायला लावलात. आत अजून गुळगुळीत होतं. ''खिळा सापडला तर शंभर रुपये देतो,'' म्हणालात, आणि मी येडी खरंच अर्धा तास शोधत बसले. खांब ज्या तळखड्यावर उभा होता त्या दगडावर मधोमध खांबाच्या आकाराचा फिकट डाग होता, तोही तुम्हीच दाखवलात. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडावर ठेवतात, म्हणजे ओल चढत नाही आणि बुंधा कुजत नाही.

मग तुम्ही ११ डिसेंबर १९६७ चं सांगितलंत. कोयनेचा भूकंप, पहाटे सव्वाचारच्या सुमाराचा, तुम्ही दहा वर्षांचे. तुमच्या वाड्याची एक भिंत ढासळली पण छप्पर जागच्या जागी, कारण ओझं सगळं लाकडावर, भिंत नुसती आडोशाला. हे मी पुस्तकात दहादा वाचलं असेल, पण तुम्ही दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून हलवून दाखवलीत तेव्हा डोक्यात शिरलं.

''खोली फुटात नको, खणात मोज,'' हे तर मी थिसिसच्या पहिल्या पानावर टाकलंय. दोन खांबांमधला एक खण, तोच वाड्याचा हिशोब. इंग्रजांनी शाळा म्हणून ज्या दगडी इमारती बांधल्या त्यांना उंच खिडक्या बाहेरच्या बाजूला, उजेड थेट वर्गात. वाड्याचं तोंड आत, उजेड चौकातून येणार, ओसरीवरून गाळून. अशा जागेत शाळा भरवायची तर ओसरीचा व्हरांडा होतो, खणांमध्ये पार्टिशन टाकून वर्ग होतात, आणि एखादं पोरगं खांबामागं बसतंच ज्याला फळा अर्धाच दिसतो. तुम्ही लगेच म्हणालात, ''ते मीच.''

आता कौलांचं. मी मोठ्या हौसेनं '१८२० च्या दशकातला वाडा कसा दिसत असेल' असं कल्पनाचित्र काढून आणलं होतं, तीन रात्री जागून. तुम्ही चष्मा लावून बघितलंत आणि विचारलंत, ही मंगलोरी कौलं कुठनं आणली महाराजांनी? मला काही सुचेना. घरी जाऊन बघितलं तर मंगळुरात बासेल मिशनचा पहिला कौलांचा कारखानाच १८६५ चा! म्हणजे चाळीस वर्षांनी जन्मणारी कौलं मी छपरावर चढवून ठेवली होती. जुन्या वाड्यावर मंगलोरी दिसली की छप्पर कधीतरी बदललंय असं धरायचं, आधी नळीची कौलं असणार, हे तुम्हाला नुसतं बघून माहीत होतं. आख्खं छप्पर खोडून परत काढलं. ज्युरीत (थिसिसच्या तोंडी परीक्षेत) सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि मी असं उत्तर दिलं की जणू जन्मापासून माहितीय. तुमचं नाव तिथं घेतलं नाही, त्याची लाज वाटली, म्हणून हे पत्र.

पास झाले. चांगल्या मार्कांनी. कंदी पेढे आणले होते पण काकूंनी तुमच्या शुगरचं सांगितलं आणि डबा स्वतःकडं ठेवला, त्यामुळे तुमच्या वाट्याला काय आलं माहीत नाही. माझी टेप त्या दिवशी तुमच्याच पिशवीत राहिलीय. राहू दे. रविवारी नव्या ड्रॉईंगची प्रिंट घेऊन येते, चष्मा पुसून ठेवा, अजून काय चुकलंय ते बघायचंय.